बारावे चिन्ह

"तेलदाब," तुस्कानो सर म्हणाले, आणि मांडके सरांचे बोट बटणावर तसेच थांबले.

पडद्यावर पाव सेकंद उजळून विझलेले ते चिन्ह तेलदाबाचे नव्हते. ते इंजिनातल्या आगीचे होते. मीच काढलेले, चार महिने घोटून घोटून पातळ केलेले.

मंच हादरतच होता. भंगारात गेलेल्या एका विमानाचे नाक कापून आणून आम्ही त्या मंचावर बसवले होते. आत वैमानिकाची खुर्ची, समोर वीतभर रुंदीचा पडदा, आणि वैमानिकाच्या खांद्यामागून थेट पडद्यावर प्रकाश ओतणारा हजार वॉटचा दिवा. त्या दिव्याला आम्ही 'सूर्य' म्हणत असू. आकाशात उन्हे पाठीमागून आली की पडद्यावरचे रंग कसे धुऊन निघतात, ते या सूर्याखाली कळे. बारा चिन्हे, प्रत्येक एकदाच, क्रम दर वेळी नवा. प्रत्येक चिन्ह पाव सेकंद दिसणार, वैमानिकाने जे दिसले त्याचे नाव मोठ्याने उच्चारायचे आणि मी ते नोंदवहीत लिहायचे. अकरा नावे बरोबर आली होती. बारावे चुकले.

हे सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतले. शिरूरच्या पुढे, माळरानावर, वायुदीप उपकरण नावाच्या एका लहानशा कारखान्यात मी चिन्हरेखाटनाचे काम करत होते. तीन उड्डाण-शाळांच्या सोळा शिकाऊ विमानांत आमचे पडदे बसणार होते. परवा, शनिवारी, त्या शाळांचे प्रतिनिधी येऊन बारा चिन्हांच्या संचावर सह्या करणार होते. सह्या झाल्या की संच गोठणार. मग त्यातली एक रेघही कुणाला हलवता येणार नव्हती. ही गुरुवारची शेवटची चाचणी होती आणि शेवटचे वैमानिक होते विंग कमांडर मायकल तुस्कानो: वसईचे, हवाई दलातून निवृत्त होऊन आमच्याकडे करारावर आलेले, आमच्या पाच चाचणी-वैमानिकांत सर्वांत ज्येष्ठ. साठीला आठ महिने उरले होते. साठीला करार संपणार होता आणि करारासोबत उड्डाणही.

आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, मांडके सरांनी, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे एकच शब्द म्हटला.

"उजळणी."

ही आमच्या विभागाची एक रीत होती. कुठल्याही कागदावर ती नव्हती, तरी सगळे ती पाळत. चाचणीत वैमानिकाची एक जरी चूक नोंदली गेली, तरी त्या पानाची प्रत कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जात असे, आणि तपासणी पुरी होईपर्यंत वैमानिकाला जमिनीवर बसावे लागे. पूर्वी एका वैमानिकाला नेमक्या त्या पाव सेकंदात शिंक आली होती. त्या शिंकेपायी तो चार महिने विमानाला हात लावू शकला नव्हता, आणि मांडके सरांना त्याची खंत आयुष्यभर लागून राहिली होती. तेव्हापासून ठरले: हजार तासांहून अधिक उडालेला माणूस चुकला, तर ती चूक त्याची मानायची नाही. 'दिवा फडफडला' असा शेरा मारायचा, तेच चिन्ह पुन्हा दाखवायचे आणि दुसरे उत्तर लिहायचे. या रीतीत कपट नव्हते. ती मायेतून आली होती, आणि म्हणूनच तिच्याकडे संशयाने पाहावे असे कधी कुणाला सुचले नाही.

मी शेरा लिहिला. चिन्ह पुन्हा उजळले.

"आग," तुस्कानो सर म्हणाले.

बारापैकी बारा. मांडके सरांनी मंच थांबवला. एरवी तुस्कानो सर खाली उतरताना माझ्या एखाद्या चिन्हाची टिंगल केल्याशिवाय राहत नसत. पंखांच्या झडपांच्या चिन्हाला ते 'मोडकी छत्री' म्हणत. चाकांच्या चिन्हाला 'तीन लाडू'. त्या दिवशी चहाचा कप तसाच ठेवून, हातरुमालाने कपाळ पुसत, ते बाहेरच्या उन्हात निघून गेले. मांडके सरांनी मात्र माझे अभिनंदन केले, शनिवारसाठी अर्धा किलो पेढे सांगायला हवेत असे म्हटले, आणि जाता जाता, जणू सहज आठवले म्हणून, माझ्या कायम होण्याच्या पत्रावर सोमवारी सही होईल असेही सांगून टाकले.

त्या संध्याकाळी मी बारा चिन्हांचा तक्ता भिंतीवर लावून त्याच्यासमोर बराच वेळ बसले. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पुण्यात उपयोजित कलेचे शिक्षण घेतले होते. त्याहून अधिक वर्षे कविता वाचण्यात आणि लिहिण्यात घालवली होती. मासिकांकडून त्या कविता नियमितपणे परत येत. छापून येणार अशी माझ्या हातची पहिली गोष्ट म्हणजे ही बारा चिन्हे. त्यांत माझा जीव होता तो आगीच्या चिन्हात. तेलाचा थेंब आणि आगीची ज्योत यांना मी एकच बाह्यरेषा दिली होती: खाली गोल, वर निमुळती. थेंब निळसर आणि भरीव. ज्योत तांबडी, आणि तिच्या पोटात केसासारखी बारीक, वळत वर जाणारी एक रेघ. एकाच आकारातून ओल आणि जाळ दोन्ही उमटावेत, हे मला फार खोल काहीतरी वाटत होते. त्या एका रेघेसाठी मी सव्वाशे कागद फाडले होते.

शुक्रवारी सकाळी नऊच्या ठोक्याला तुस्कानो सर विभागात आले. मांडके सर अजून यायचे होते. सरांनी खुर्ची ओढली, माझ्या टेबलासमोर बसले आणि कालचे पान दाखव म्हणाले. मी वही त्यांच्याकडे फिरवली. वहीला वैमानिकाने हात लावायचा नाही असा नियम होता. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि वाकून वाचले.

"दिवा फडफडला नव्हता, बाय," ते म्हणाले. वसईकडे घरातल्या मुलीला हाक मारावी तसे ते मला 'बाय' म्हणत.

ही विभागाची रीत आहे, मी सांगितले. एखाद्या वेळी पापणी लवते, लक्ष विचलित होते. एवढ्यावरून कुणाला जमिनीवर बसवणे योग्य नाही, असे मांडके सरांचे मत आहे, असेही सांगितले.

"मांडके चांगला माणूस आहे. माझी पापणी लवली नव्हती. दिवा जळत होता, डोळे उघडे होते आणि मला तेलाचा थेंब दिसला. तसं लिही."

"सर, प्रत वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जाईल."

"जाऊ दे."

"तुमचे आठ महिने उरलेत."

"मोजायला मला येतं."

बाहेर धावपट्टीवर कुणीतरी इंजिन तापवत होते; त्याचा आवाज चढत होता, उतरत होता. मला जे बोलायचे होते ते बोलण्याचा धीर होत नव्हता, म्हणून मी दुसरेच बोलले: दुसऱ्यांदा तुम्ही ओळखलेत ना, मग चिन्ह ओळखता येते हे सिद्धच झाले.

"दुसऱ्यांदा मी ओळखलं नाही, मला सांगितलं गेलं," ते म्हणाले. "उजळणी असं तुम्ही म्हणालात, तिथंच मला कळलं की तेल नव्हतं. मग काय उरलं?"

मी तक्त्याकडे पाहिले.

"आता नीट ऐक. काल रात्रभर मी याचाच विचार केला. बारा चिन्हं, प्रत्येक एकदाच. अकरा होऊन गेली होती आणि मी ती मनात मोजत होतो. जुनी खोड आहे. तेलदाब तिसराच येऊन गेला होता. शेवटी फक्त आग राहिली होती. मांडकेनं बटण दाबायच्या आधीच मला माहीत होतं की आता आग येणार. नाव ओठांवर तयार होतं. आणि तरी मला थेंब दिसला."

त्यांचा आवाज चढला नव्हता.

"ज्याला माहीत आहे, त्याला थेंब दिसला. पंचवीस तास उडालेलं पोर असेल, एकटं पहिल्यांदा वर गेलेलं. त्याला काय दिसेल? तेलदाब कमी म्हणजे काय करतात?"

इंजिनाचा जोर कमी करतात आणि काट्यावर नजर ठेवतात, मी म्हटले. हे उत्तर मला पाठ होते.

"आणि आग लागली तर?"

"इंधन तोडतात. लगेच."

"लगेच," ते म्हणाले. "नजर ठेवत बसत नाहीत."

मग मात्र जे बोलायचे नव्हते ते माझ्या तोंडून गेलेच. मी म्हटले, उद्या सह्या आहेत. हे लिहिले तर संच थांबेल. मांडके सरांना काय सांगू. माझे सोमवारचे पत्र. बोलता बोलता माझा आवाज चिरकला, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की मी वहीच्या कडेवरून नखे ओढत राहिले. तुस्कानो सरांनी माझे सारे ऐकून घेतले. मध्ये एकदाही तोडले नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे. तुझंही जाईल, माझंही जाईल. मला एकट्याला लिहिता आलं असतं तर तुला त्रास दिला नसता. पण या वहीला हात लावायचा अधिकार तुलाच आहे."

एवढे म्हणून ते उठले नाहीत, आग्रहही केला नाही. समोर बसून राहिले. बसस्थानकावर गाडीची वाट पाहत असल्यासारखे, अगदी निवांत.

मी लेखणी उचलली. 'दिवा फडफडला' या शब्दांवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिले: वैमानिकाने आगीस तेलदाब म्हटले, दिवा व्यवस्थित होता. खाली सही केली, वेळ घातली: नऊ वाजून बावीस मिनिटे. सरांनी पुन्हा वाकून वाचले, 'आता ठीक' म्हणाले आणि गेले.

ते गेल्यावर मला वाटले, हा शेरा मी यापूर्वीही लिहिला आहे. किती वेळा, ते आठवेना. मी वही पहिल्या पानापासून चाळली. चार महिन्यांत 'दिवा फडफडला' हा शेरा नऊ ठिकाणी होता, अक्षर माझेच. दोन ठिकाणी वेगळी चिन्हे होती. उरलेल्या सात ठिकाणी आग होती. पाचांपैकी चार वैमानिक तिथे चुकले होते. त्यांतला एक दोनदा, एक तर तीनदा. प्रत्येक वेळी आम्ही त्यांना मायेने सावरून घेतले होते आणि माझ्या ज्योतीला शंभरपैकी शंभर गुण दिले होते.

मंच होता त्या तळघरात मी गेले, पडद्यावर थेंब आणि ज्योत एकत्र लावली आणि सूर्य हळूहळू प्रखर केला. तांबडा रंग आधी गुलाबी झाला, मग राखी. पोटातली रेघ मी शोधत राहिले. ती कुठेच नव्हती. सव्वाशे कागद फाडून मिळवलेली ती रेघ हादऱ्याशिवायच, नुसत्या उजेडात विरघळून गेली होती, आणि पडद्यावर दोन थेंब शेजारी शेजारी होते.

मांडके सर आले तेव्हा मी त्यांच्यासमोर वही ठेवली. नऊही पानांत कागदाच्या चिठ्ठ्या खोचल्या होत्या. त्यांनी एकेक पान पाहिले. मला वाटले होते, ते रागावतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, की ते शिंकेचे प्रकरण झाले त्या दिवशी ते फार वाईट झोपले होते. आज कसे झोपणार ते त्यांना ठाऊक नाही. दूरध्वनी उचलून त्यांनी तिन्ही शाळांना शनिवारी येऊ नका असे कळवले. कारण विचारले गेले तेव्हा त्यांनी ते लपवले नाही. चूक विभागाची आहे, असे म्हणाले. माझे नाव घेतले नाही. पेढ्यांच्या दुकानाला दूरध्वनी करायचे मात्र विसरले, आणि शनिवारी आलेले पेढे आम्ही दोघांनी कामगारांत वाटून टाकले.

सोमवारचे पत्र आले नाही. ते आले ऑगस्टात. तोवर मी आग पुन्हा काढली होती: तीन जाड, वाकड्या जिभा, कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या. ते चिन्ह पाहून आजही मला आनंद होत नाही. पण वाळूच्या कागदाने घासल्यासारख्या त्या उजेडातही ते दुसरे काहीच वाटत नाही. चाचण्याही बदलल्या. चिन्हे आता कितीही वेळा, कशीही येत. मोजून काय उरले ते कळत नसे. आणि खुर्चीवर बसवायला आम्ही शाळांतून नवी मुले आणू लागलो, ज्यांना आमचे काहीच पाठ नव्हते. मांडके सरांनी वरिष्ठांशी सहा महिने भांडून नियम बदलून घेतला: चाचणीतल्या चुकीची प्रत आधी रेखाटनकाराकडे जाईल, वैद्यकीय अधिकाऱ्याकडे नाही.

तुस्कानो सरांना त्या नियमाचा उपयोग झाला नाही. त्यांच्या पानाची प्रत जुन्या नियमाने केव्हाच गेली होती. डोळे तपासले, पुन्हा तपासले, पुण्याला पाठवले. डोळ्यांत दोष नाही असा निष्कर्ष आला तेव्हा करार संपायला एकवीस दिवस उरले होते, आणि पुन्हा उडण्याआधी जी पात्रतेची उड्डाणे करावी लागत, ती एवढ्या दिवसांत बसत नव्हती. शेवटचे सात महिने ते रोज वेळेवर येत, खिडकीशी बसून आमच्या नव्या चाचण्यांची पाने वाचत, आणि विमान धावपट्टी सोडी तेव्हा मान वर करत नसत. एवढे एकच मी पाहत असे. बाकी ते पूर्वीसारखेच होते.

पुढच्या वर्षी, सोळाही विमानांत पडदे बसल्यावर, मी वसईला गेले. वाटेत एस.टी.त बसून एक वाक्य मनात घडवत होते. कवितेवर घेत असे तेवढीच मेहनत त्या वाक्यावर घेतली. कारण आभार मानायचे होते, आणि ज्याचे मानायचे त्याचे आकाश त्यात गेले होते.

सर वाडीत होते, पानवेलींना पाणी देत. लुंगी, बनियन, पायांत रबरी चपला. मला पाहून त्यांनी पाण्याची नळी दुसऱ्या वाफ्यात सोडली आणि पहिला प्रश्न विचारला तो नव्या मुलांचा. पन्नास मुलांपैकी आगीला किती चुकतात?

"एकही नाही, सर."

"आणि तेलाला आग म्हणणारे?"

"तेही नाहीत."

त्यांनी मान डोलावली. मी धीर करून विचारले, वाईट वाटते का.

"वाटतं तर," ते म्हणाले. "सकाळी डोळे उघडले की आधी वारा कुठून आहे ते बघतो. मग आठवतं." आणि मला पायाखालचा चिखल सांभाळायला सांगून ते घराकडे चालू लागले.

घरात त्यांच्या पत्नी फिलोमिनाबाई तांदळाच्या भाकऱ्या करत होत्या. सरांनी माझे नाव सांगितले तशा त्या हातावरची भाकरी तव्यावर टाकून वळल्या आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. या बाईच्या नवऱ्याला खाली बसवणारे अक्षर माझे होते.

"तूच ती हेमांगी," त्या म्हणाल्या. "बस."

त्यांनी पुढ्यात ताट ठेवले, सुक्या बोंबलाचे कालवण वाढले आणि समोरच पाटावर बसल्या. मी वाक्य जुळवू लागले, एवढ्यात त्याच बोलल्या.

"एकतीस वर्षं रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाली की मी एकच मागणं मागत होते. याला खाली आण. आणायचा तर धडधाकट आण. याच्याबरोबरचे चार जण परत आले नाहीत. मी त्या चौघांच्या बायकांपाशी जाऊन बसलेय. हा कधी स्वतःहून उतरणारा नव्हता. साठीनंतर पण कुठं तरी सोय लावलीच असती." त्यांनी पदराने हात पुसले. "देवानं ऐकलं. पण कागद तू लिहिलास. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

सर भिंतीकडे पाहत जेवत होते. मी म्हटले, ते मी नाही केले. सरांनीच लिहायला लावले, मी तर नको म्हणत होते.

"ठाऊक आहे," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "सगळं सांगितलंय त्यानं मला. तुझी नोकरी होती त्यात. तुला वाटलंच असेल, नको लिहू या."

"वाटलं होतं."

"फार?"

"फार."

"आणि तरी लिहिलंस," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी काढून, वाफ निघत असतानाच, माझ्या ताटात टाकली.

"खा बाय," सर भिंतीकडे पाहतच म्हणाले. "एवढ्या आग्रहानं तिनं मला कधी वाढलं नाही."

एस.टी.त घडवलेले वाक्य मला त्या घरात म्हणता आले नाही. मी ती भाकरी खाल्ली. तिच्यामागून आणखी एक आली, तीही खाल्ली.